लॅम्बोर्गिनीची पहिली दहा वर्षे : भांडणाच्या गोष्टीमागे राहून गेलेला ट्रॅक्टर

धागाकर्ता : उत्तरवाट

लॅम्बोर्गिनी मोटारींचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ट्रॅक्टर बनवणारा एक धनिक आपल्या फेरारी गाडीच्या क्लचची तक्रार घेऊन एन्झो फेरारी यांच्याकडे गेला, फेरारींनी त्याला ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टरच सांभाळावेत अशा अर्थाचे काहीतरी सुनावून परत पाठवले, आणि त्या अपमानाच्या पोटी लॅम्बोर्गिनी मोटार जन्माला आली. गोष्ट आटोपशीर आहे, आणि स्वतः फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी उतारवयातल्या मुलाखतींत ती सांगितलेली असल्यामुळे ती सरसकट खोटी ठरवण्याचे कारणही नाही. तरीही या कंपनीच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वर्षानुवर्षे मिळेल ते वाचल्यावर माझे असे मत झाले आहे की या एका गोष्टीमुळे बाकीचा सगळा इतिहास अंधारात राहिला. मोटारीच्या दुकानदाराशी किंवा कारखानदाराशी भांडण झालेले लोक पुष्कळ असतील, पण त्यांतल्या कुणीही काही महिन्यांत बारा सिलिंडरांचे नवे इंजिन आणि नवा कारखाना उभा केला नाही. फेरुच्चो यांना ते का जमले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर ट्रॅक्टरमध्ये आहे.

फेरुच्चो यांचा जन्म 28 एप्रिल 1916 रोजी उत्तर इटलीतल्या एमिलिया भागात, सेंतो गावाजवळच्या रेनात्सो येथे झाला. आईवडील द्राक्षे पिकवणारे शेतकरी होते, मुलाचा ओढा मात्र शेतीपेक्षा शेतीतल्या यंत्रांकडे होता. बोलोन्यात तांत्रिक शिक्षण झाल्यावर दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या हवाई दलात गेले आणि त्यांची नेमणूक ऱ्होड्स बेटावर, वाहनदुरुस्तीच्या विभागात झाली. युद्धाच्या धामधुमीत, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जागी, ऑर्डर दिली आणि सुटा भाग आला असे होत नसते. या गाडीचे त्या गाडीला लावून, घासून, वितळवून काम भागवावे लागते. 1945 मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर ते युद्धकैदी झाले आणि पुढल्या वर्षी घरी परतले. 1947 मध्ये त्यांची पत्नी मुलाला जन्म देताना वारली. त्याच सुमारास त्यांनी दुरुस्तीच्या छोट्या गॅरेजातून बाहेर पडून ट्रॅक्टर जुळवायला सुरुवात केली.

त्या वेळचा एमिलिया डोळ्यांसमोर आणला की पुढचे सगळे समजते. जमीन सपीक, माणसे कष्टाळू, पण नांगरायला यंत्र नाही, आणि दुसरीकडे लष्कराने मागे टाकलेल्या वाहनांचे, इंजिनांचे, दातेरी चाकांचे ढीग पडलेले. फेरुच्चो यांनी मॉरिस कंपनीची सहा सिलिंडरांची पेट्रोल इंजिने मिळवली, लष्करी गाड्यांचे भाग जोडले आणि 'कारिओका' नावाचा ट्रॅक्टर तयार केला. त्याची खरी करामत इंधनाच्या व्यवस्थेत होती. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापल्यावर स्वस्त, जड इंधनावर वळवायचे, यासाठी त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक जोडणी बनवली होती. 1948 च्या फेब्रुवारीत सेंतोच्या ग्रामदैवताच्या उत्सवात, गावच्या चौकात, हा ट्रॅक्टर लोकांसमोर मांडण्यात आला. गिऱ्हाईक जिथे जमते तिथेच माल घेऊन जाण्याची ही रीत पंधरा वर्षांनी मोटार प्रदर्शनांतही दिसते.

त्याच वर्षी त्यांनी एका छोट्या फियाट टोपोलिनोचे इंजिन 750 सीसीपर्यंत वाढवून 'मिले मिलिया' या प्रसिद्ध रस्ताशर्यतीत भाग घेतला. सुमारे 1,100 किलोमीटर गेल्यावर तुरीनजवळच्या फियानो गावी त्यांची गाडी रस्त्याकडेच्या खानावळीत घुसली आणि शर्यत तिथेच संपली. या अपघातानंतर शर्यतींवरचे त्यांचे मन उडाले. पुढे मोटार कंपनीचे मालक झाल्यावरही शर्यतीत उतरायचे नाही हे त्यांचे धोरण राहिले, आणि त्यांच्या तरुण अभियंत्यांशी त्यांचा जो गोड-कडू संघर्ष झाला त्याचे मूळ याच प्रसंगात असावे असे मला वाटते.

1950 च्या दशकात ट्रॅक्टरचा धंदा इतका वाढला की त्यांची कंपनी इटलीतल्या शेतीयंत्रांच्या प्रमुख कंपन्यांत गणली जाऊ लागली. दशक संपता संपता घरे तापवण्याच्या बर्नरचा आणि नंतर वातानुकूलन यंत्रांचा कारखानाही निघाला. पैसा आला तसे मोटारींचे वेडही आले : मर्सिडीज 300 एसएल, जॅग्वार ई-टाइप, मासेराती 3500 जीटी, आणि 1958 पासून फेरारी 250 जीटी. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गाड्या त्यांनी नुसत्या चालवल्या नाहीत, स्वतःच्या कारखान्यात उघडून पाहिल्या. क्लचची ती प्रसिद्ध तक्रारही अशीच निघाली : फेरारीतला क्लच आपण ट्रॅक्टरला लावतो त्याच जातीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गाडी उघडून तिचा प्रत्येक भाग कितीला पडतो हे ओळखू शकणारा हा गिऱ्हाईक होता.

मग त्यांनी स्वतःचीच मोटार काढायचे ठरवले. मे ते ऑक्टोबर 1963 या अवघ्या काही महिन्यांत तिचे इंजिन पहिल्यांदा धडधडले, मोदेना आणि बोलोन्या यांच्या मधल्या सान्तागाता बोलोन्येसे या गावी जमीन घेऊन कारखान्याचे बांधकाम चालू झाले, कंपनी नोंदली गेली आणि गाडी प्रदर्शनात उभी राहिली. ओतकाम कोणाकडून करून घ्यायचे, यंत्रे कोणती लावायची, बँक कशाच्या भरवशावर कर्ज देईल, हे सगळे ठाऊक असलेला माणूसच हे करू शकतो. सान्तागाताच्या डाव्या विचारांच्या नगरपालिकेनेही रोजगार येणार म्हणून त्यांना सवलती दिल्या. इंजिन, आराखडे, पुढे गाजलेली मिउरा ही गाडी यांबद्दल इथल्या जाणकारांनी भर घालावी, म्हणून हा धागा काढत आहे.

---

शेतमळा

उत्तरवाट, तुम्ही ट्रॅक्टरपासून सुरुवात केलीत याचा मनापासून आनंद झाला. कारिओकाच्या इंधनव्यवस्थेबद्दल दोन ओळी लिहितो, कारण तसला प्रकार मी लहानपणी रोज पाहिला आहे.

आमच्या आजोबांच्या विहिरीवर रॉकेलवर चालणारे इंजिन होते. थंड इंजिन रॉकेलवर सुरू होत नसे. आधी पेट्रोलच्या छोट्या टाकीची तोटी उघडायची, चाकाला दोर गुंडाळून ओढायचा, आणि इंजिन चांगले तापल्याची आजोबांना आवाजावरून खात्री पटली की तोटी रॉकेलकडे फिरवायची. घाई केली तर पांढरा धूर येऊन इंजिन गुदमरायचे. संध्याकाळी बंद करतानाही शेवटची काही मिनिटे ते पुन्हा पेट्रोलवर चालवावे लागे, कारण कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात) रॉकेल उरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोर ओढून हात भरून येत, पण ठिणगीला दाद मिळत नसे.

यामागचे कारण साधे आहे. पेट्रोलची वाफ थंडीतही होते, जड इंधनाची होत नाही, म्हणून ते आत जाण्याआधी एक्झॉस्टच्या उष्णतेने तापवून त्याचे बारीक तुषार करावे लागतात. ही जोडणी नीट जमली नाही तर न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि तेल पातळ करते. मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनाकडून हे काम करून घेणे, तेही गावच्या शेतकऱ्याच्या हाती देता येईल इतके खात्रीचे, याला मी मोठी कारागिरी म्हणेन. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर नांगरणीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा इंधनाचा असतो, आणि फेरुच्चो स्वतः शेतकऱ्याच्या घरातले असल्यामुळे कुठे बोट ठेवायचे हे त्यांना नेमके कळले.

---

दुसरा_गिअर

लेख आवडला, पण भांडणाच्या गोष्टीला आपण जरा जास्तच मागे सारले आहे असे मला वाटते. क्लच बाजूला ठेवू. त्या काळी मोदेनाच्या परिसरात फेरारींच्या वागण्याने दुखावलेले फेरुच्चो हे एकटेच नव्हते. 1961 च्या अखेरीस फेरारीतले बरेच वरिष्ठ लोक एकदमच बाहेर पडले, त्यांत कार्लो किती आणि जोत्तो बिझारिनी हे अभियंते होते. बिझारिनी म्हणजे 250 जीटीओ या गाडीच्या घडणीत ज्यांचा मोठा हात होता ते. हा माणूस बाहेर पडून स्वतःची छोटी संस्था काढून बसला नसता, तर फेरुच्चो यांना बारा सिलिंडरांचे इंजिन आखून कोण देणार होते? तेव्हा फेरारींचा स्वभाव हा लॅम्बोर्गिनीच्या इतिहासाचा भाग आहेच, फक्त तो क्लचच्या गोष्टीतून न येता या फुटीतून येतो.

आणखी एक मुद्दा. 1963 साली रस्त्यावरच्या फेरारी 250 मालिकेत मागच्या चाकांना एकसंध आस होता, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्याला धक्का बसणारच. लॅम्बोर्गिनीच्या पहिल्या विक्रीच्या गाडीत, 350 जीटीमध्ये, चारही चाके स्वतंत्र होती. इंजिनाच्या प्रत्येक बाजूला फेरारी एक कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) देत असे, लॅम्बोर्गिनीने दोन दिले. फेरारीने रस्त्यावरच्या गाडीला मागची स्वतंत्र चाके 1964 मध्ये दिली आणि चार कॅमशाफ्ट 1966 मध्ये. ज्याने फेरारी उघडून पाहिली होती त्याने नेमक्या तिच्या उण्या जागा हेरल्या, हे यावरून दिसते.

---

उत्तरवाट

दुसरा_गिअर, 1961 च्या फुटीचा मुद्दा मान्य आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. माझा आक्षेप एका प्रसंगाला सगळ्याचे कारण मानण्यापुरता आहे. आपण मांडलेली तुलना तर माझ्याच म्हणण्याला बळ देते, कारण रागावलेला माणूस जास्त वेगाची गाडी बनवेल, पण खड्ड्यात कमी हादरणारी आणि लांबच्या प्रवासात न तापणारी गाडी बनवण्याचा विचार ट्रॅक्टर विकून तक्रारी ऐकलेल्या माणसालाच सुचतो.

---

कातकाम

माझे आयुष्य कोल्हापुरात लेथ आणि बोअरिंग यंत्रांवर गेले. शेतीच्या ऑइल इंजिनांमुळे आमच्या उद्यमनगरात जशी ओतकामाची आणि यंत्रकामाची परंपरा वाढली, तशीच ती एमिलियात शेतीयंत्रांमुळे आणि मोटारींमुळे वाढलेली दिसते, म्हणून या विषयात मला आधीपासून रस आहे. इंजिनाबद्दल लिहितो.

बिझारिनी यांनी आखलेले इंजिन 60 अंशांच्या कोनात दोन ओळींनी मांडलेल्या बारा सिलिंडरांचे, 3,465 सीसीचे. सिलिंडरचा व्यास 77 मिलिमीटर आणि पिस्टनची चाल फक्त 62 मिलिमीटर. व्यास मोठा आणि चाल आखूड ठेवण्याचा हेतू असा की इंजिन मिनिटाला 8,000 फेरे घेत असतानाही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटरच्या आसपास राहतो. म्हणजे फेरे शर्यतीच्या इंजिनाचे असूनही कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन यांवरचा ताण आवाक्यात राहतो. ज्याने हा आकार निवडला त्याला पुढे व्यास वाढवून क्षमता वाढवता येईल हेही दिसले असणार. तसेच झाले : चाल तीच ठेवून व्यास 82 करण्यात आला आणि 3,929 सीसीचे इंजिन मिळाले, जे 400 जीटी या गाडीत आणि पुढे मिउरात बसले.

15 मे 1963 रोजी हे इंजिन पहिल्यांदा चाचणीच्या बाकावर चालले आणि 8,000 फेऱ्यांना सुमारे 360 अश्वशक्ती देऊ लागले. फेरारीच्या इंजिनापेक्षा जितकी अश्वशक्ती जास्त तितके जास्त पैसे, असा बिझारिनींशी करार होता असे सांगितले जाते, आणि इंजिनाचे रूप पाहता ते पटते. तेलाचा वेगळा साठा असलेली शर्यतीची वंगणव्यवस्था, वर उभे कार्ब्युरेटर, सगळे काही शक्तीसाठी. फेरुच्चो यांना मात्र दर काही हजार किलोमीटरना उघडावे न लागणारे, शहराच्या गर्दीत तक्रार न करणारे इंजिन हवे होते. यावरून दोघांत वाद झाला आणि बिझारिनी बाजूला झाले. दोघांपैकी चूक कोणाची हे मी ठरवणार नाही. आमच्या कामात गिऱ्हाईकाने काय मागितले आणि आराखडा करणाऱ्याने काय ऐकले यांत असे अंतर नेहमी पडते.

मग ते इंजिन रस्त्यावर आणण्याचे काम कंपनीचे तरुण अभियंते जानपाओलो दाल्लारा आणि त्यांचे सहकारी पाओलो स्तान्त्सानी यांच्याकडे आले. दोघांचाही जन्म 1936 चा, म्हणजे सत्ताविशीची मुले. त्यांनी तेलाची व्यवस्था साधी केली, कॅमचा आकार सौम्य केला आणि उभ्या कार्ब्युरेटरऐवजी आडवे बसवले. हा शेवटचा बदल बाहेरून किरकोळ वाटेल. पण उभ्या कार्ब्युरेटरवर हवेच्या गाळणीलाही जागा लागते, आणि तेवढ्यासाठी बॉनेट वर उचलावे लागते. आडवे केल्यावर इंजिनाची उंची कमी झाली आणि गाडीचे नाक खाली आणता आले. शक्ती सुमारे 280 अश्वशक्तीवर उतरली, आणि इंजिन माणसात आले.

1963 च्या तुरीन प्रदर्शनात जी 350 जीटीव्ही ही पहिली नमुना-गाडी मांडली तिच्यात इंजिन बसतच नव्हते, म्हणून बॉनेट बंद ठेवून आत नुसते वजन भरले होते आणि इंजिन शेजारी वेगळे मांडले होते. काही जण ही फजिती म्हणून सांगतात. मला त्यात फजिती दिसत नाही. सहा महिन्यांत गाडी आणि इंजिन वेगवेगळ्या गावी तयार झाल्यावर मापे जुळली नाहीत तर नवल नाही, आणि पुढच्या मार्चपर्यंत ती जुळवून दाखवली हे महत्त्वाचे.

---

रेखाटन

कातकामदादांनी बॉनेटच्या उंचीबद्दल जे लिहिले आहे ते वाचून फार बरे वाटले, कारण गाडीचे रूप कागदावर ठरते असा समज असतो आणि प्रत्यक्षात ते कार्ब्युरेटरपाशी ठरते.

तुरीनची 350 जीटीव्ही फ्रांको स्काल्योने यांच्या आराखड्यावर झाली होती. रेषा धारदार, दिवे झाकणाखाली लपणारे, मागची बाजू अणकुचीदार. विक्रीच्या गाडीसाठी फेरुच्चो यांनी मिलानच्या 'तूरिंग' या जुन्या बांधणीकारांकडे काम दिले आणि मार्च 1964 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात 350 जीटी आली. तूरिंगची पद्धत 'सुपरलेज्जेरा', म्हणजे अतिहलकी, या नावाने ओळखली जाई. बारीक पोलादी नळ्यांचा, पाखराच्या पिंजऱ्यासारखा सांगाडा वाकवून घ्यायचा आणि त्यावर हाताने ठोकून आकार दिलेले ॲल्युमिनियमचे पत्रे चढवायचे. जिथे पत्रा आणि नळी थेट टेकतात तिथे दोन धातूंमध्ये ओलाव्याने गंज धरतो, म्हणून मध्ये कापडासारखा थर ठेवावा लागे. अशा गाड्या भराभर निघत नाहीत. 1964 अखेर अवघ्या 13 गाड्या तयार झाल्या, आणि 350 जीटी एकूण सुमारे 120 च निघाल्या.

1966 मध्ये तूरिंग आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली, आणि ती जागा तुरीनच्या नुच्चो बेर्तोने यांनी घेतली. बेर्तोनेंकडे तेव्हा मार्चेल्लो गांदिनी नुकतेच मुख्य आराखडाकार झाले होते, वय 27. त्यांच्याआधी जॉर्जेत्तो जुजारो त्या जागी होते, त्यामुळे मिउराच्या पहिल्या रेषा कोणाच्या यावर पुढे वाद झाला. मला स्वतःला गांदिनींचा हात स्पष्ट दिसतो.

मिउराच्या पुढच्या दिव्यांकडे कधी जवळून पाहा. ते वर तोंड करून बॉनेटमध्ये निजलेले असतात आणि लावल्यावर उठतात. भोवती काळ्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना सगळे पापण्या म्हणतात. दिवे मात्र फियाट 850 स्पायडर या स्वस्त गाडीचे आहेत, तिची बांधणीही बेर्तोनेंचीच. महागड्या गाडीसाठी वेगळा दिवा ओतवून घेण्याऐवजी हाताशी असलेला घेऊन त्याला भोवतालच्या रेषांनी उठाव देणे, ही आराखडाकाराची समज मला कोणत्याही सोन्याच्या मुलाम्यापेक्षा मोठी वाटते.

---

दुसरा_गिअर

मिउराच्या यंत्ररचनेवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दाल्लारा, स्तान्त्सानी आणि न्यूझीलंडहून आलेले चाचणीचालक बॉब वॉलेस या तिघांना शर्यतीची गाडी करायची होती आणि मालक तर शर्यतीला नकार देऊन बसलेले. कामाचे तास संपल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी एक आराखडा तयार केला : बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, आणि तेही आडवे. बारा सिलिंडरांचे लांब इंजिन उभे ठेवले असते तर गाडी फार लांब झाली असती. इंग्लंडच्या छोट्या मिनीमध्ये इंजिन आडवे ठेवून गिअरबॉक्स त्याच्याशी एकजीव केलेला होता, ती कल्पना दाल्लारा यांच्यासमोर होती. त्यांनी इंजिनाचा खालचा भाग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत शक्ती वाटणारा भाग) एकाच ओतीव कवचात आणले. नोव्हेंबर 1965 मध्ये तुरीनला फक्त सांगाडा मांडला, हलका व्हावा म्हणून भोके पाडलेल्या पत्र्याचा, आणि अंगावर कपडा नसलेल्या त्या सांगाड्याभोवतीच गर्दी लोटली. मार्च 1966 मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी आली.

या मांडणीची किंमतही मोजावी लागली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असल्यामुळे गिअरच्या दात्यांचा झिजलेला चुरा इंजिनात फिरण्याचा धोका होता. मिउराच्या अखेरच्या एसव्ही मालिकेत पुढे दोन्ही तेले वेगळी करण्यात आली. पेट्रोलची टाकी पुढे असल्याने ती रिकामी होत जाई तसे पुढचे टोक हलके पडे, आणि मोठ्या वेगात हे चालकाला जाणवत असे. इंजिनाची उष्णता आणि आवाज पाठीला चिकटून. रस्त्यावर आरामात जाणारी गाडी हवी म्हणणाऱ्या मालकाने ही गाडी बनवू दिली, याचे कारण त्यांना ती कंपनीची जाहिरात वाटली. पण मागणी येतच राहिली आणि 1973 पर्यंत साडेसातशेहून अधिक मिउरा निघाल्या.

तेव्हा उत्तरवाट यांना माझा एक प्रश्न : कंपनीचे नाव ज्या गाडीने जगभर झाले ती मालकाच्या ट्रॅक्टरी विचारातून आली नाही, नोकरांच्या हट्टातून आली. हे आपल्या मांडणीत कसे बसते?

---

मुक्तछंद

एक छोटी शंका. 'मिउरा' हे नाव जपानी वाटते. ते कसे आले?

---

रेखाटन

मिउरा हे स्पेनमधल्या सेव्हिल भागातले, झुंजीचे बैल पाळणारे जुने घराणे. 1962 मध्ये फेरुच्चो तिथे दोन एदुआर्दो मिउरा यांचे बैल पाहायला गेले होते (स्पॅनिशमध्ये 'दोन' हा आदरार्थी शब्द आहे), आणि फेरुच्चो स्वतः वृषभ राशीचे, म्हणून कंपनीच्या चिन्हावर बैल आला. पुढे 'इस्लेरो' या गाडीचे नाव त्याच घराण्याच्या एका बैलावरून घेतले, ज्याच्या शिंगाने 1947 मध्ये मानोलेते हा विख्यात झुंजवीर मेला. 'एस्पादा' या आणखी एका गाडीच्या नावाचा अर्थ झुंजवीराची तलवार. 'काउंटाक' या गाडीचे नाव मात्र बैलांशी संबंधित नाही. तो तुरीनच्या पिएमोंते भागातल्या बोलीतला आश्चर्योद्गार आहे.

---

उत्तरवाट

दुसरा_गिअर, प्रश्न नेमका आहे. मिउरा मालकाच्या आवडीतून आली नाही हे खरेच. पण ज्या पैशावर तिघा तरुणांना असा हट्ट करता आला तो पैसा कुठून येत होता, हे पाहिले की ट्रॅक्टर पुन्हा समोर येतो. आणि तो थांबला तेव्हा काय झाले, हे तर त्याहून स्पष्ट आहे.

1968 मध्ये जिनिव्हात इस्लेरो आणि चार माणसांची एस्पादा आली. त्यांतली एस्पादा बाराशेहून अधिक निघाली, म्हणजे फेरुच्चो यांच्या मनातली गाडी लोकांनाही हवी होती. दाल्लारा मात्र शर्यतींच्या ओढीने कंपनी सोडून गेले आणि स्तान्त्सानी मुख्य अभियंता झाले. 1969 च्या शरदात इटलीभर धातुउद्योगातल्या कामगारांचे मोठे संप झाले, त्यांची झळ सान्तागातालाही लागली. तरी मार्च 1971 मध्ये काउंटाकचा पहिला नमुना जिनिव्हात उभा राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला हा कंपनीचा सुवर्णकाळ वाटला असेल.

त्याच वर्षी ट्रॅक्टरचा धंदा कोसळायला लागला. त्या कंपनीचे जवळजवळ निम्मे उत्पादन निर्यात होत असे. दक्षिण आफ्रिकेच्या आयातदाराने सर्व मागण्या रद्द केल्या. बोलिव्हियात लष्करी उठाव होऊन नवे सरकार आले आणि त्याने ट्रॅक्टरची मोठी मागणी रद्द केली, तेव्हा त्यांतला काही माल जेनोव्हा बंदरातून रवाना होण्याच्या बेतात होता. बंदरात उभे असलेले, ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी बनवलेले ट्रॅक्टर परत नेऊन दुसऱ्याला विकणे किती अवघड असेल, याची कल्पना यंत्रांच्या धंद्यातल्या कुणालाही येईल. कामगार संघटित होते, त्यांना कमी करता येत नव्हते, आणि तसे करता येत नव्हते हे माझ्या मते योग्यच होते. फेरुच्चो यांनी ट्रॅक्टर कंपनी लोंबार्दीतल्या 'सामे' या कंपनीला विकली. मोटार कंपनीचा 51 टक्के वाटा 1972 मध्ये स्वित्झर्लंडच्या जॉर्ज-ऑन्री रोसेत्ती यांनी घेतला, आणि उरलेला 1974 मध्ये रेने लायमर यांनी. मधल्या काळात 1973 चे तेलसंकट येऊन गेले होते, त्यामुळे बारा सिलिंडरांच्या गाड्यांची मागणीही घटली. 1978 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा फेरुच्चो यांचा तिच्याशी मालकीचा संबंध उरलेला नव्हता.

ट्रॅक्टर होता तोवर मोटारीला वाईट वर्षे सोसता आली. तो गेल्यावर दोन वर्षांत मूळ मालकही गेला. माझ्या मांडणीचा आधार हाच आहे.

---

कातकाम

एक भर. तुम्ही 1978 पर्यंत आणून सोडलेत, पण बिझारिनींच्या त्या इंजिनाचा वंश तिथे थांबला नाही. मालक बदलत गेले, क्षमता 3.5 लिटरवरून 6.5 लिटरपर्यंत गेली, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, तरी 60 अंशांची ती मूळ रचना 2010 मध्ये मुर्सिएलागो ही लॅम्बोर्गिनीची गाडी बंद होईपर्यंत चालू राहिली. 1963 पासून 47 वर्षे. वाद होऊन ज्यांनी काम सोडले त्यांच्या रेषा इतकी वर्षे ओतल्या जात होत्या.

---

शेतमळा

आणि ट्रॅक्टरही थांबले नाहीत. सामेचा समूह लॅम्बोर्गिनी हे नाव ट्रॅक्टरवर आजही लावतो, फक्त मोटारींशी त्यांचा मालकीचा संबंध नाही. त्याच समूहाचा एक कारखाना तमिळनाडूत राणीपेटला आहे.

फेरुच्चो सगळे विकून पुढे काय करत होते?

---

उत्तरवाट

मध्य इटलीत उंब्रिया भागात त्रासिमेनो सरोवराजवळ त्यांनी जमीन घेतली होती, तिथे जाऊन राहिले. द्राक्षे लावली, वाइन करू लागले. त्यांच्या तांबड्या वाइनला लोक 'मिउराचे रक्त' म्हणत. 20 फेब्रुवारी 1993 रोजी ते वारले.